इटलीच्या पाहुणीची सोबतीण

दत्तात्रय थोरात खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्यात त्याचं काही कर्तृत्व नव्हतं, असं त्याची बायको विजया म्हणायची. हवाई दलात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला सगळं लिहूनच द्यावं लागतं, आणि लिहिलेलं खोटं आज ना उद्या सापडतं. मग बोलणार कसा? तर असा हा माणूस त्या सोमवारी सकाळी अर्धी रजा टाकून, लखनौबाहेरच्या बख्शी का तालाबच्या क्वार्टरमधून स्कूटर काढून, विद्यापीठात निघाला होता. खिशात एक पत्र होतं. वर विषय, खाली तीन मुद्दे, मुद्द्यांना आकडे. ते लेकीबद्दल होतं आणि लेकीला त्याचा पत्ता नव्हता.

भानगड सुरू झाली होती रविवारच्या जेवणात. उत्कर्षा, त्याची एकुलती एक मुलगी, विद्यापीठात इटालियनचा डिप्लोमा करत होती. वय तेवीस. वडिलांच्या बदल्यांपायी पाच गावच्या केंद्रीय विद्यालयांतून शिकलेली, मराठी सगळी समजायची, पण उत्तर यायचं हिंदीत. त्या दिवशी पोरगी पानावर बसली ती हसतच.

"बाबा, इस बार इटालियन वीक में लोरेदाना मैम के साथ मैं रहूँगी. पूरे पाँच दिन. एयरपोर्ट से लेकर वापस एयरपोर्ट तक."

"कोण लोरेदाना?"

"इटली से प्रोफेसर आती हैं ना हर साल. उनके साथ एक स्टूडेंट रहती है, बोलने-समझाने के लिए. सुहासिनी मैम ने मुझे चुना." मग आईकडे वळून म्हणाली, "आई, उन्हें घर भी लाऊँगी, तेरी पुरणपोळी खाने."

दत्तात्रयचा घास हातातच राहिला. परदेशी बाई, आणि कॅम्पमध्ये! त्याने समजावलं की बाहेरच्या देशाचं माणूस असं आत आणता येत नाही. उत्कर्षा म्हणाली, ठीक आहे, नाही आणत. तिच्या लेखी विषय संपला. त्याच्या डोक्यात मात्र तो तिथून सुरू झाला. दर सहा महिन्यांनी हवाई दलाच्या स्टेशनवर एक व्याख्यान व्हायचं, परदेशी लोकांशी ओळखपाळख असेल तर जपून राहा, वेळीच कळवा. तीस वर्षं तो ते पहिल्या रांगेत बसून ऐकत आला होता. त्याच्या ओळखीत कुणाचं कधी काही वाकडं झालं नव्हतं. दुधाने तोंड न पोळताच ताक फुंकून पिणारा माणूस तो. त्यात निवृत्तीला अकरा महिने उरलेले. किनाऱ्याला लागता लागता नाव बुडायला नको, एवढंच त्याला दिसत होतं. ऑफिसात जाऊन नियम विचारावा, हे त्याला सुचलं नाही असं नाही. पण विचारलं की तोंडातून बाहेर पडतं, आणि बाहेर पडलं की फाइल होते. त्यापेक्षा आपलं आपणच मिटवलेलं बरं.

आणि मिटवणं सोपं होतं, कारण इटालियन विभाग चालवणाऱ्या डॉ. सुहासिनी परचुरे मराठी होत्या. लखनौत मराठी माणूस मराठी माणसाला गणपतीत भेटतो, कोजागिरीला भेटतो, आणि अडलं की भेटतो. शिफारस नाही, चौकशी नाही. 'आपल्या माणसाला' सांगितलं की काम होतं.

विभाग म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. तिथे लगीनघाई चालली होती. मुलं इटलीच्या झेंड्याच्या पताका लावत होती, आणि निशातगंजच्या कापडवाल्याने तीन रंग ऐकून सवयीने लालच्या जागी केशरी दिल्यामुळे सुहासिनीबाई कपाळाला हात लावून उभ्या होत्या.

"या या, थोरात. इकडे कुठे वाट चुकलात?"

त्याने पत्र पुढे केलं. बाईंनी चष्मा लावला. पहिल्या मुद्द्यात उत्कर्षा त्याची मुलगी असल्याचं होतं, जणू बाईंना ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्यात, तिला परदेशी पाहुण्यांच्या सोबतीचं काम देऊ नये, अशी विनंती. तिसऱ्यात आभार.

"अहो, पण का? तुमच्या खात्याकडून मनाई आहे का?"

"मनाई म्हणजे... आमच्या नोकरीत जपून राहावं लागतं, मॅडम. अकरा महिने राहिलेत."

बाईंनी पत्राची घडी घातली. मग त्यांनी विचारलं, "उत्कर्षाला माहीत आहे ना हे?"

"हो," दत्तात्रय म्हणाला. "घरात बोलणं झालंय."

हेच ते खोटं. किती सहज निघालं तोंडातून, त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"मग ती का नाही आली सांगायला?"

"तिला तुमच्यासमोर अवघड होतं." एका खोट्याला टेकू म्हणून दुसरं लागतंच. "आणि मॅडम, तिच्याजवळ हा विषय काढू नका. रडेल उगाच."

"नाही काढत," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "पण नीट विचार केलाय ना तुम्ही? अशी संधी परत परत येत नाही, थोरात."

त्याला वाटलं, बाई पाच दिवसांच्या हिंडण्याफिरण्याबद्दल बोलतायत. म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." बाईंनी त्याच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. चहा मात्र पाजला. घरचा निर्णय म्हटल्यावर परक्याने किती बोलायचं? शिवाय हवाई दलातला सरळमार्गी माणूस, मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीला शेवटपर्यंत उभा राहणारा. तो खोटं कशाला बोलेल?

मंगळवारी संध्याकाळी उत्कर्षा घरी आली ती दप्तर खांद्यावर तसंच ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"मेरा नाम हट गया, आई. लिस्ट में पूर्वा है."

"असं कसं? कारण काय सांगितलं?" विजयाने गॅस बंद केला.

"कुछ नहीं. मैम ने बस सिर पर हाथ रखा और बोलीं, कोई बात नहीं बेटा, मैं समझती हूँ." उत्कर्षाने हसायचा प्रयत्न केला. "समझती हूँ मतलब और क्या? मेरी बोलचाल कच्ची है. किताब वाली इटालियन है मेरी. पूर्वा फर्राटे से बोलती है. मैम ने सोचा होगा, मेहमान के सामने नाक कट जाएगी."

"अगं, मग आधी तुला निवडलं कशाला?"

"दया आ गई होगी. रोज़ इतनी दूर से आती हूँ ना."

दत्तात्रय बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसला होता. सगळं ऐकू येत होतं. उठून आत जायचं आणि सांगायचं, एवढंच काम होतं, दहा पावलं. त्याऐवजी तो बसल्या जागेवरून म्हणाला, "जाऊ दे गं. पुढच्या वर्षी."

"अगले साल मैं वहाँ नहीं रहूँगी, बाबा. डिप्लोमा इसी साल खत्म है."

हे त्याला माहीत नव्हतं. कुठल्या स्टेशनवर कुठलं विमान किती तास उडालं हे तारखेनिशी सांगणाऱ्या माणसाला आपली मुलगी कितव्या वर्षाला आहे, हे माहीत नव्हतं.

उत्कर्षाची एक सवय होती. कणीक मळताना, कपडे वाळत घालताना ती एकटीच मोठ्याने इटालियन बोलायची, दोन्ही बाजूंनी, स्वतःच प्रश्न नि स्वतःच उत्तर. विजया तिला चिडवायची, "भांडतेस कुणाशी?" त्या संध्याकाळी तिने कणीक मळली ती गप्प बसून. दत्तात्रयला ते फार लागलं. पण लागलं म्हणून माणूस बोलतोच असं नाही.

बुधवारी न राहवून तो त्याच्या साहेबांकडे गेला. साहेब वयाने त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. दत्तात्रयने सगळं सांगितलं, अर्थात सुहासिनीबाईंशी बोललेलं खोटं वगळून. साहेबांनी ऐकून घेतलं आणि ते चक्रावलेच.

"थोरात साहब, बिटिया बालिग है. यूनिवर्सिटी का खुला प्रोग्राम है. आप बस लिखकर दे देते कि ऐसा-ऐसा है, हमारी जानकारी में रहता. इसमें रोकना क्या था?"

"सर, मुझे लगा..."

"पूछ तो लेते."

तेव्हा बुधवार होता. पाहुणी आदल्या दिवशी उतरली होती, पण अजून दोन दिवस हातात होते. एक फोन केला असता तर सुहासिनीबाईंनी काहीतरी मार्ग काढला असता. दत्तात्रयने फोन हातात घेतलाही. पण मग सांगावं लागलं असतं, 'मॅडम, मी तुमच्याशी खोटं बोललो.' बाई मंडळात सांगतील, विजयाला कळेल, लेकीला कळेल. पाच दिवसांचं तर काम, असं त्याने मनाला बजावलं. पोरगी आठवडाभरात विसरेल. फोन त्याने खिशात ठेवला. पुढे किती तरी दिवस त्याला सोमवारच्या खोट्यापेक्षा बुधवारचा हा खिशात ठेवलेला फोनच जास्त छळत राहिला.

शुक्रवारी समारोप होता. उत्कर्षाला कॉफीच्या टेबलावर कप भरायचं काम दिलं होतं. विजयाने हट्ट धरला, "पोरगी कप भरू दे नाहीतर झाडू मारू दे, आपण जायचं. तिच्या एका तरी कार्यक्रमाला तुम्ही आलात का आजवर?" हे खरंच होतं. शाळेचं संमेलन म्हटलं की याची ड्युटी ठरलेली. दोघं स्कूटरवरून गेले आणि हॉलमध्ये मागच्या रांगेत बसले.

कार्यक्रम छान झाला. मुलांनी आठवडाभर काय काय केलं त्याचे फोटो दाखवले: इमामबाड्याच्या पायऱ्यांवर पाहुणी, चिकनकारीच्या कपड्यांच्या दुकानात पाहुणी, विभागाच्या गॅसवर पास्ता शिजवून दाखवणारी पाहुणी. तो पास्ता मुलांनी पाहुणीची पाठ वळताच आणखी अर्धा तास शिजवला होता, कच्चा लागतो म्हणून, आणि त्यावर सगळा हॉल हसला. प्रत्येक फोटोत लोरेदानाबाईंच्या शेजारी पूर्वा होती. ठेंगणी, चष्मेवाली, गोड मुलगी. दत्तात्रयला तिचा राग येईना, हेही एक अवघडच होतं.

शेवटी सुहासिनीबाई माईकपाशी आल्या.

"और अब वो घोषणा, जिसका सबको इंतज़ार रहता है. आप जानते हैं, हर साल प्रोफेसर लोरेदाना अपने साथ रही स्टूडेंट के लिए एक चिट्ठी लिखती हैं. पिछले छह साल में छह बच्चे उस चिट्ठी पर साल भर के लिए बोलोन्या गए हैं, वहाँ की पढ़ाई और रहना सब मिलाकर. इस साल सातवीं, पूर्वा!"

टाळ्या पडल्या. दाराशी कॉफीच्या टेबलामागे उभी राहून उत्कर्षाही टाळ्या वाजवत होती, इतरांपेक्षा जोरात.

विजयाने नवऱ्याच्या दंडाला धरलं. "वर्षभर इटलीला? सोबत राहिलेल्या मुलीला? अहो, म्हणजे आपली उत्कर्षा असती तर..." आणि मग, "मेली एका शब्दाने बोलली नाही घरात!"

का बोलली नाही, ते दत्तात्रयला तत्क्षणी कळलं. त्यांच्या घरात बदलीची ऑर्डर हातात पडेपर्यंत शेजारीपाजारी कुणाला बोलायचं नाही, असा नियम होता. कागद हातात नाही तोवर काही खरं नाही, हे त्यानेच तिला लहानपणापासून शिकवलं होतं. पोरगी कागदाची वाट बघत होती. चिठ्ठी हातात पडली की ती घरी येऊन आधी त्याच्याच पुढ्यात ठेवणार होती.  तो उठून बाहेर निघाला.

सुहासिनीबाई त्याला बाहेर व्हरांड्यात भेटल्या.

"मॅडम, या चिठ्ठीचं... मला माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं?" बाईंना आधी कळलंच नाही. "घरात बोलणं झालंय म्हणालात ना तुम्ही? उत्कर्षाने सांगितलं नाही?"

"तिच्याशी बोललोच नव्हतो. तिला अजून माहीत नाही मी आलो होतो ते."

बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "थोरात, मी चार दिवस त्या मुलीशी धड बोलले नाही. तुम्ही सांगितलंत म्हणून! तिला दुखेल म्हणून! काय वाटलं असेल तिला?"

"तिला वाटतं, तिचं इटालियन कच्चं आहे."

"कच्चं?" बाईंचा आवाज चढला आणि मग आपोआप खाली आला. "अहो, इतकी वर्षं शिकवतेय मी. तिच्यासारखं बोलणारं पोर माझ्या हाताखालून गेलेलं नाही."

"आता काही बदलता येईल का? मी पाया पडतो तुमच्या."

"पूर्वाने काय पाप केलंय? चिठ्ठी एकच असते." बाईंनी डोळे पुसले. "आधी तिला जाऊन सांगा. आत्ता. नाहीतर मी सांगते."

कॉफीच्या टेबलापाशी गर्दी ओसरली होती. उत्कर्षा सांडलेली साखर फडक्याने गोळा करत होती. वडिलांना बघून तिने कप पुढे केला. "बाबा, पी के देखिए. कड़वी है, आपसे नहीं पी जाएगी."

"उत्कर्षा, तुझं नाव मी काढायला लावलं." आडवळण घ्यायचं त्याच्यात त्राणच नव्हतं. "सोमवारी येऊन पत्र दिलं मॅडमना. तुला माहीत आहे असं सांगितलं त्यांना. खोटं सांगितलं. मला भीती वाटली, नोकरीची. कुणी मनाई केली नव्हती. मीच केलं सगळं."

उत्कर्षा त्याच्याकडे बघत राहिली. आणि मग जे झालं त्याची त्याने कल्पनाही केली नव्हती. पोरीचा चेहरा एकदम उजळला.

"मतलब मैम ने नहीं निकाला मुझे? मेरी इटालियन खराब नहीं थी?"

"नाही गं. त्या म्हणतात, तुझ्यासारखं कुणीच..."

"सच?" ती हसली. चार दिवसांत पहिल्यांदा, अगदी लहानपणी हसायची तशी, हातातलं फडकं छातीशी धरून. "आई को बताया? बाबा, मैं तो सोच रही थी कि..."

तिथे ती थांबली. उरलेला अर्थ तिच्यापर्यंत आत्ता पोचत होता. दत्तात्रयने तो तिच्या चेहऱ्यावर पोचताना पाहिला. हसू गेलं नाही, नुसतं तिथेच राहिलं, कुणी बंद करायला विसरल्यासारखं.

"आपने मुझसे पूछा क्यों नहीं, बाबा?" ती हळूच म्हणाली. "मैं मान जाती. आप कहते, नौकरी का सवाल है, तो मैं खुद मैम को मना कर देती. रो लेती, पर कर देती. बस पूछ लेते."

 रागावली असती, फडकं फेकून मारलं असतं तरी त्याने सोसलं असतं. तिने मान्य केलं असतं, हे सोसवेना.

एवढ्यात लोरेदानाबाई हॉलमधून बाहेर आल्या. पांढरे केस, गळ्यात चिकनकारीची ओढणी, मागे सुहासिनीबाई. टेबलापाशी येऊन त्यांनी कॉफी मागितली असावी. उत्कर्षाने कप भरता भरता काहीतरी उत्तर दिलं. पाहुणी कप घ्यायचं विसरली. तिने काहीतरी विचारलं, उत्कर्षाने पुन्हा उत्तर दिलं, पाहुणी खळखळून हसली. मग दोघी बोलतच सुटल्या. दत्तात्रयने आपल्या लेकीला तिची भाषा दुसऱ्या कुणाशी बोलताना आज पहिल्यांदा ऐकलं. शब्द एक कळत नव्हता. पण कुठे अडखळणं नव्हतं, कुठे थांबणं नव्हतं, एवढं त्यालाही कळत होतं.

अचानक पाहुणीने सुहासिनीबाईंकडे वळून कळकळीने काहीतरी विचारलं. 

"काय म्हणतायत?" दत्तात्रयने विचारलं.

"विचारतायत," बाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "ही मुलगी इतके दिवस कुठे होती."

बाईंनी तोंड उघडायच्या आत उत्कर्षाच बोलली. लांबलचक, शांतपणे, वडिलांकडे हात करून. त्यात एकदा 'पापा' असा शब्द आला, तेवढा त्याला समजला. ऐकता ऐकता पाहुणीची मुद्रा मऊ झाली, आणि तिने पुढे होऊन दत्तात्रयचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"काय सांगितलं तिने?"

सुहासिनीबाईंनी त्याला मराठीत सांगितलं. "म्हणाली, हे माझे बाबा. मी तुमच्यासोबत राहावं अशी यांची फार इच्छा होती. मीच घाबरले आणि नाव मागे घेतलं."

"खोटं आहे ते!" दत्तात्रय म्हणाला. "मॅडम, त्यांना सांगा, खोटं आहे. मी केलं हे. सांगा त्यांना."

सुहासिनीबाईंनी उत्कर्षाकडे पाहिलं. उत्कर्षाने मान हलवली, नाही म्हणून. बाईंनी ते वाक्य इटालियनमध्ये केलं नाही.

दत्तात्रयला तिथेच, भर व्हरांड्यात, रडू फुटलं. हात सोडवून घ्यायचंही त्याला सुचलं नाही. लोरेदानाबाईंना वाटलं, लेकीच्या कौतुकाने बापाचे डोळे भरून आलेत. त्या त्याचा हात थोपटत राहिल्या आणि हसून काहीतरी चांगलं चांगलं बोलत राहिल्या.